दगड घासायचं मशीन जरूर घ्या, पण धंद्यासाठी नको

मागच्या महिन्यात आपल्या चॅनेलवर दगड पॉलिश करायच्या छंदाचा एक छोटा व्हिडिओ टाकला होता. शेतातले, नदीकाठचे दगड जमवायचे, फिरत्या ड्रममध्ये घालायचे आणि महिन्याभराने गुळगुळीत, चकचकीत करून बाहेर काढायचे. दगड शोधत फिरण्याला रॉकहाउंडिंग म्हणतात आणि ड्रममध्ये घोळवण्याला रॉक टम्बलिंग. व्हिडिओ तुम्हाला आवडला, आनंद आहे. पण खालच्या कमेंट वाचताना माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. "ताई, मशीन केवढ्याला?" "किलोला भाव काय मिळतो?" "घरबसल्या महिन्याला किती सुटतील?" आणि एका ताईंनी लिहिलंय, "बचत गटातून चाळीस हजार उचलायचा विचार आहे. दोन मशिनं बसतील ना?"

ताई, उचलू नका.

एरवी मी तुम्हाला उलटंच सांगत असते. लोणचं चांगलं जमतं? बरणीवर लेबल लावा आणि विका. रांगोळी चांगली काढता? क्लास घ्या. त्यामुळे माझ्याच तोंडून "हे विकायला काढू नका" ऐकताना विचित्र वाटेल. पण माझं मत पक्कं आहे. हा छंद करावा, आणि निदान पहिलं वर्षभर छंद म्हणूनच करावा. त्यात स्वतःच्या खिशातले थोडे पैसे घालायचे, कर्जाचे नाही. व्हिडिओत हे सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी हिशोब

घरगुती मशीन म्हणजे दोन आडवे रोलर, एक लहान मोटर आणि रोलरवर सावकाश फिरणारा रबरी ड्रम. लहान ड्रम साधारण दीड किलोचा असतो, म्हणजे दगड, पाणी आणि घासायची पावडर मिळून. निव्वळ दगड धरा एक किलो. काम चार टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्पा साधारण आठवड्याचा. मोटर रात्रंदिवस चालू. म्हणजे एक घाणा काढायला अठ्ठावीस दिवस.

आत गेलं एक किलो, बाहेर किती येईल? पहिल्याच टप्प्यात दगडाचे कोपरे झिजून पाव हिस्सा सहज गाळात जातो. उरलेल्यात काहींना तडे निघतात, काहींना खड्डे राहतात. सहाशे ग्रॅम चांगला माल निघाला तरी पावलं म्हणायचं. वर्षाला बारा घाणे, म्हणजे सात किलो दोनशे ग्रॅम.

आता भाव. माझ्या दुकानात गिफ्टच्या काउंटरवर असे दगड काचेच्या वाडग्यात ठेवलेले असतात. ते घाऊकवाल्याकडून वजनावर येतात, पोत्यातून काढून, डाळ-तांदळासारखे. समजा घाऊक भाव चारशे रुपये किलो आहे. तुमच्या वर्षभराच्या मालाचे झाले २,८८० रुपये. चार टप्प्यांच्या पावडरी एका घाण्याला अडीचशेच्या धरल्या तर वर्षाच्या तीन हजार. मोटर पंचवीस वॅटची असली तर एका घाण्याला सतरा युनिट, वर्षाला दोनशे युनिट, आठ रुपयांनी सोळाशे. म्हणजे खर्च ४,६०० आणि विक्री २,८८०. मशीनची किंमत आणि तुमची मजुरी यात धरलेलीच नाही. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुमच्याकडचे भाव घालून बघा, गणित फारसं हलणार नाही. दोन मशिनं घेतली तर तोटा दुप्पट होईल, एवढाच फरक.

हे असं का होतं तेही समजून घ्या. तुमची स्पर्धा शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी नाहीये, ती आहे गुजरातेतल्या खंबातशी. तिथे अकीक घासून मणी करण्याची परंपरा हजारो वर्षांची आहे. सिंधू संस्कृतीच्या काळात गुजरातकडून आलेल्या लाल अकीकाचे मणी मेसोपोटेमियातल्या ऊर शहराच्या राजघराण्याच्या कबरींत सापडलेत. खंबातच्या अकीकाला जीआय मानांकनही आहे. पूर्वी तिथे चामड्याच्या पिशवीत मणी, पाणी आणि घासायची पूड भरून दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी तासन् तास इकडून तिकडे लोळवायची. आज तेच काम मोठमोठे विजेचे ड्रम करतात. त्यांच्याकडे खाणीतून माल येतो, कारागीर पिढीजात आहेत, गिऱ्हाईक ठरलेलं आहे. तुमचा दीड किलोचा डबा त्यांच्याशी किलोच्या भावात काय भांडणार?

मग करायचंच कशाला?

कारण आपण दगडांच्या बाबतीत श्रीमंत आहोत आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. परदेशातले हौशी लोक सुट्टी काढून, गाडीत सामान भरून जे शोधायला जातात, ते आपल्याकडे शेतकरी वैतागून बांधावर फेकतो.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे तसेच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे जमिनीत मुरलेलं पाणी त्या पोकळ्यांतून फिरलं. त्यात विरघळलेली सिलिका थराथराने आत बसत गेली आणि अकीक, कॅल्सेडोनी, गार तयार झाली. कुठे मध्ये पोकळी शिल्लक राहिली तर तिथे स्फटिक वाढले. वरचा काळा दगड ऊनपावसाने कुजून मुरूम झाला, माती झाली. आतली गारगोटी मात्र त्याच्यापेक्षा कठीण, ती तशीच राहिली. ती मग ओढ्यातून नदीत जाते, नांगराच्या फाळाला लागते, कालव्याच्या मातीच्या ढिगात दिसते.

गारगोटी हा आपला घरचाच शब्द आहे. काडेपेटी यायच्या आधी चकमक आणि गारगोटी घासून ठिणगी पाडायचे, हे आजीकडून ऐकलं असेल. त्याच्याही कितीतरी आधी, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास, प्रवरेकाठच्या नेवाशाला आणि घोड नदीकाठच्या इनामगावला राहणारे शेतकरी कॅल्सेडोनीची पातळ धारदार पाती काढून वापरत होते. उत्खननात तशी पाती मिळाली आहेत. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक व्यापारी पुस्तकात पैठणहून ओनिक्स जातीचा दगड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचा, अशी नोंद आहे. म्हणजे आपल्याकडचा दगड दोन हजार वर्षांपूर्वीच एक्स्पोर्ट होत होता. (आपल्या एक्स्पोर्टच्या बॅचमध्ये हे सांगितलं की मुलं आधी हसतात, मग वहीत लिहून घेतात.)

तर शोधायचं कसं? दगड ओळखायला तीन गोष्टी पुरतात: डोळे, पाण्याची बाटली आणि एक रिकामी काचेची बाटली. अकीक बाहेरून अजिबात देखणा नसतो. बटाट्यासारखा, खडबडीत, मळकट, कधी हिरवट सालीचा. पण हातात घेतला की त्या मानाने घट्ट आणि जड लागतो. त्यावर पाणी ओता, रंग आणि पट्टे उठून दिसतात. उन्हाकडे धरा, कडेने उजेड आरपार येतो. मग काचेच्या बाटलीवर जोर देऊन ओढा. काचेवर ओरखडा उठला आणि दगड तसाच राहिला तर तो आपल्या कामाचा. कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर अकीक आणि गार सातच्या आसपास येतात, काच साडेपाचच्या. कॅल्साइट दिसायला गारेसारखंच पांढरं, पण ते तीनच. त्याने काचेला काही होत नाही, आणि त्याची थोडी पूड करून लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. ही परीक्षा आधीच करा, कारण ड्रममध्ये मऊ आणि कठीण दगड एकत्र गेले की कठीण दगड मऊ दगडाला खातो आणि शेवटी दोन्ही खराब होतात.

वेळ म्हणाल तर पावसाळा संपून पाणी ओसरल्यावर. पुराने खडी उलटीपालटी झालेली असते, नवा माल वर आलेला असतो. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं तिरपी असताना सूर्याकडे तोंड करून चाला. आरपार उजेड जाणारे खडे लांबूनच पेटल्यासारखे दिसतात. नांगरट झाल्यावर पहिला पाऊस पडून गेला की शेतंही चांगली. शेतकऱ्याला आधी विचारा. "दादा, बांधावरच्या गारगोट्या वेचू का?" म्हटलं की बहुतेक जण हसून म्हणतात, सगळ्याच न्या. त्या रानातला खडा कमी झाला तर त्यांना हवाच आहे.

एक मोह मात्र टाळायचा. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत नुसती गारगोटी नसते, झिओलाइट गटातली आणि त्यांच्या सोबतची खनिजंही असतात: स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट आणि राहुरीकडे मोमीन आखाड्याला विहिरीतून निघालेलं हिरवं अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. हे दगड मऊ आणि ठिसूळ. ड्रममध्ये घातले तर चार दिवसांत पांढरा चिखल होईल. त्यांची शोभा जशीच्या तशी ठेवण्यात आहे. बघायचे असतील तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे एक दुपार घालवा. मुलांना घेऊन जा. कुठला दगड ड्रमचा आणि कुठला कपाटाचा, हे पुस्तकापेक्षा तिथे पटकन कळतं.

ड्रमचे चार आठवडे

आता मशीन घेतलंच आहे, किंवा पाइप आणि जुन्या मोटरमधून घरी बनवलंय, असं धरू. (बनवत असाल तर वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत.)

ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अर्धा भरला तर दगड आत घरंगळत नाहीत, आपटतात, आणि त्यांना चंद्रकोरीसारखे तडे जातात. गच्च भरला तर हलतच नाहीत. लहान-मोठे दगड मिसळून घाला, पोकळ जागा कमी राहते. पाणी वरच्या थराच्या जरा खाली. मग पावडर. पहिल्या टप्प्याला जाड, ६० ते ९० नंबरची सिलिकॉन कार्बाइड. हार्डवेअरवाले तिला कार्बोरंडम म्हणतात. दीड किलोच्या ड्रमला चार-एक मोठे चमचे. दुसऱ्या टप्प्याला १२० ते २२०, तिसऱ्याला ४०० ते ६००, आणि चौथ्याला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. शेवटी साबणाचा किस घालून काही तास फिरवलं की उरलासुरला थर निघून जातो.

पहिला टप्पा आठवड्यात संपलाच पाहिजे असं नाही. दगड ओबडधोबड असतील तर दोन-तीन आठवडेही लागतात. जे गोल झाले ते बाजूला काढा, बाकीचे नव्या पावडरीसह परत आत. इथे घाई केली तर पुढच्या तिन्ही टप्प्यांत ती फेडता येत नाही. बारीक पावडर खड्डा भरत नाही, ती फक्त खड्डा चकचकीत करते.

आणि धुणं! दोन टप्प्यांच्या मध्ये दगड, ड्रम, झाकण, झाकणाची खाच, सगळं जुन्या ब्रशने घासून धुवायचं. जाड पावडरीचा एक कण जरी पॉलिशच्या टप्प्यात शिरला तरी आठवडाभर तो सगळ्या दगडांवर ओरखडे काढत फिरतो. माझ्या पाहण्यातले निम्म्याहून जास्त हौशी लोक इथेच कंटाळतात.

टप्पा पूर्ण झाला की नाही हे बघताना दगड कोरडा करून बघा. ओला दगड कुठलाही असो, चमकतोच. कोरडा झाल्यावर जी चमक राहते ती खरी. रीलवर दिसणारे निम्मे दगड पाणी मारून फोटो काढलेले असतात, हे आता तुमच्याही लक्षात येईल.

मशीन रात्रंदिवस घरघरतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. आवाज कमी व्हावा म्हणून मोटरवर गोधडी पांघरू नका, मोटर तापते. मशीन बाल्कनीत, सपाट जागी, पावसाचा शिंतोडा येणार नाही असं ठेवा. भारनियमन असेल तर बिघडत काही नाही, फक्त कॅलेंडरचे दिवस मोजू नका. चाललेले तास वहीत लिहा.

खर्च कमी करायला लोक जिथे कात्री लावतात त्या दोन जागा मी सांगते, आणि तिथे लावू नका एवढंच म्हणते. पहिली म्हणजे ड्रममधला राखाडी चिखल. तो बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतायचा नाही. तळाशी बसून सिमेंटसारखा घट्ट होतो, पुढे प्लंबरला द्याल त्यात चार घाण्यांच्या पावडरी येतील. तो जुन्या बादलीत साठवा आणि विहीर, बोअर, भाजीचे वाफे यांच्यापासून लांब खड्ड्यात टाकून मातीने झाका.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. महिना थांबण्याऐवजी हातातल्या ग्राइंडरवर पाच मिनिटांत काम होतं, असं कोणीतरी सुचवेल. कोरडा अकीक ग्राइंडरवर कधीही धरू नका. त्याची धूळ म्हणजे सिलिका. ती इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसतही नाही, आणि फुप्फुसात गेली की तिथेच राहते. त्यातून सिलिकोसिस होतो. फुप्फुसाला पडलेले वण भरून येत नाहीत, आणि सोबत क्षयाचा धोका वाढतो. खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये हा आजार वर्षानुवर्षं नोंदला गेलाय. ज्या चकचकीत मण्याचा भाव आपण किलोवर घासाघीस करून पाडतो, त्याच्या मागे कोणाचा तरी दम लागलेला असतो. आपण गिऱ्हाईक म्हणून हे लक्षात ठेवलेलं बरं. घरच्या ड्रममध्ये काम ओल्यात होतं, म्हणून ते सुरक्षित. दगड फोडायचाच असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून फोडा. चिखल सांडला तर ओला असतानाच पुसून घ्या, वाळवून झाडू मारू नका.

कायदा

हे कमेंटमध्ये कोणीच विचारलं नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने एकतीस खनिजं गौण खनिजांच्या यादीत टाकली. त्यात अकीक आहे, जास्पर आहे; गारही २०२५ पर्यंत त्यात होती. गौण खनिजांचे नियम राज्य सरकार करतं. परवानगीशिवाय गौण खनिज उपसलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. खिशात चार खडे घेऊन येणारी मुलगी आणि विक्रीसाठी नदीतून पोती भरणारा माणूस यांच्याकडे कायदा एकाच नजरेने बघणार नाही, हे उघड आहे. पण "धंदा" हा शब्द आला की तुम्ही दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहता. विकण्यासाठी दगड काढायचा असेल तर आधी तहसील कार्यालय. नाहीतर बिल देणाऱ्या घाऊकवाल्याकडून कच्चा माल घ्या.

अभयारण्य, राखीव जंगल, किल्ले, लेणी इथून काहीही उचलायचं नाही. लोणार सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, रामसर पाणथळ आहे, आणि उल्कापाताने तयार झालेलं तसं विवर पुन्हा होणार नाही. "आठवण म्हणून एक दगड" असं प्रत्येकाने म्हटलं तर काय उरेल? चालू दगडखाणीत मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. सुरुंगाची वेळ तुम्हाला माहीत नसते, आणि कड्याचा दगड सांगून पडत नाही.

वर्षानंतर विकावंसं वाटलं तर

तेव्हा बघू. पण किलोवर नाही, नगावर. वरच्याच हिशोबातले सात किलो दोनशे ग्रॅम घ्या. चौदा-पंधरा ग्रॅमचा एक खडा धरला तर वर्षाला पाचशे नग होतात. नगाला तीस रुपये मिळाले तर पंधरा हजार. बघा, आकडा एकदम बदलला. पण तीस रुपये त्या दगडाला कोणी का देईल? घाऊकवाल्याचा खडा त्याहून गोल, त्याहून चमकदार आणि त्याहून स्वस्त आहे. तुमच्या खड्याजवळ एकच गोष्ट जास्त आहे. तो कुठल्या शिवारातला, कधी सापडला, ड्रममध्ये किती तास फिरला, हे तुम्हाला माहीत आहे. पोत्यातल्या दगडाचं गाव कोणालाच माहीत नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. गाव, तारीख, कोणाचं रान, कच्चं वजन, पक्कं वजन. वर्षभर ही वही नीट भरली असेल तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल. नसेल तर तीस रुपये मागू नका. आणि पाचशे गिऱ्हाइकं कुठून आणणार, याचं उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय दुसरं मशीन घेऊ नका.

बाजारात दोन प्रकार दिसतील, त्यांच्यापासून लांब राहा. एक, भडक गुलाबी नाहीतर निळाजांभळा अकीक. तो बहुतेक वेळा रंगवलेला असतो. रंगवणं गुन्हा नाही, लपवणं वाईट. गिऱ्हाइकाला विचारायला लावू नका, पाटीवरच लिहा. दोन, "हा दगड जवळ ठेवा, शुगर जाईल, मूल होईल." माझ्याच बॅचमधल्या काही जणांनी असं लिहिलेली पाकिटं दाखवायला आणली होती. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार कायदा अशा जाहिरातींसाठीच आहे. त्यात ताईत-कवच यांचाही समावेश होतो. कायदा राहू द्या बाजूला, ज्या बाईने औषध सोडून तुमचा खडा उशाशी ठेवला तिचं काय? दगड सुंदर आहे म्हणून विका. तेवढ्यावर खपत नसेल तर तो खपत नाही.

या वर्षभरात तुमच्या हातात पैसे येणार नाहीत, आणि मला वाटतं ते बरंच आहे. आपल्यातले अनेक जण सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक गोष्टीला भाव लावत असतात. मीही त्यातलीच. संध्याकाळी दुकानाचा गल्ला मोजल्यावर ज्याचा गल्ला नाही असं एखादं काम हाताला असावं, असं मला मनापासून वाटतं. दगडाला घाई करता येत नाही, त्याला ऑफर देता येत नाही, त्याचं टार्गेट ठरवता येत नाही. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल, वरचा हिशोब तेवढा पटू द्या.

बचत गटवाल्या ताईंसाठी, आणि ज्यांचा हात "बाय नाउ"वर आहे त्या सगळ्यांसाठी: मशीन घ्यायच्या आधी दोन महिने नुसते दगड जमवा. काचेची परीक्षा करून कठीण-मऊ वेगळे करा. मग एक चांगला, एका बाजूने सपाट अकीक निवडा. गाड्या रंगवणारे जो काळा वॉटर पेपर वापरतात तो हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. १२०, २२०, ४००, ८०० आणि १२०० नंबरचे दोन-दोन कागद आणा, फार खर्च नाही. परातीत पाणी घ्या, कागद पाण्यात भिजवा, आणि ती एक सपाट बाजू टीव्ही बघता बघता रोज अर्धा तास घासा. पुढच्या नंबरवर जाताना हात, परात, दगड, सगळं धुवा. पंधरा दिवस लागतील, कदाचित जास्त. हात भरून येतील. त्यानंतरही ड्रम घ्यावासा वाटला तर एकच घ्या, लहान घ्या, रोख घ्या.

घासलेल्या बाजूचा फोटो व्हिडिओखाली टाका. कोरडा करून काढलेला.